पैशाच्या लढतीआधी

ती. दादास,


तुझी पोर व्यावसायिक बॉक्सिंग करायचं म्हणते, तिला अडवू नकोस. पण आधी हौशी गटातलं पदक, त्यावर नोकरी आणि मग पैशाची लढत, हा क्रम सोडू नये असं मला ठामपणे वाटतं. हौशी स्पर्धेत सोडतीत येईल तिच्याशी लढायचं असतं. व्यावसायिक लढत मात्र कुणीतरी भरवावी लागते, प्रतिस्पर्धी आणि प्रायोजक शोधावे लागतात, आणि आपल्याकडे बायकांच्या अशा लढती मोजक्याच. सरितादेवीचंच बघ. २००६ची विश्वविजेती, मणिपूर पोलिसांत अधिकारी. २९ जानेवारी २०१७ला इंफाळमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे, हंगेरीच्या झोफिया बेडोला हरवून ती व्यावसायिक झाली; २०१८च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेत ती पुन्हा हौशी संघात होती. परतायला तिला पायाखाली जमीन होती. नंदुरबारच्या मुलीला ती आधी तयार करावी लागेल. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ला, पुण्याची देविका घोरपडे २०२२ला युवा विश्वविजेती झाली, त्याही हौशी रिंगमध्येच.

तू म्हणशील, केटी टेलर आणि अमांडा सेरानो या व्यावसायिक बॉक्सर ३० एप्रिल २०२२ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढल्या तेव्हा दोघींची बिदागी दहा लाख डॉलरच्या घरात गेली. खरं आहे. पण टेलरकडे लंडनचं ऑलिंपिक सुवर्ण होतं. सेरानो ऑलिंपिकविना वर आली, हा मुद्दा मला मान्य. मात्र ती २००९पासून लढत होती आणि राहायला न्यूयॉर्कमध्ये होती, जिथे लढतींचा बाजार दाराशी आहे. थांबण्यात वय जाईल ही भीतीही मला पटत नाही, कारण टेलर व्यावसायिक झाली तेव्हा तिशीची होती. उलट घाईत शरीर जातं. हौशी गटात मुली हेडगार्ड घालून तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या लढतात. व्यावसायिक लढतीत हेडगार्ड नाही आणि जेतेपदासाठी सहसा दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात अनेक मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, सिकलसेलही आहे, आणि या खेळात वजन उतरवावं लागतं. म्हणून कुठल्याही करारावर सही करण्याआधी तिची हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घे, आणि वजनगट ठरवताना तो कागद प्रशिक्षकांपुढे ठेव.

तुझी,
धाकटी बहीण