मल्लिक बाजारातील एक धडा

कोलकात्यास गेलात तर पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग जेथे मिळतात, तेथील मल्लिक बाजार अवश्य पाहावा. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी तो प्रसिद्ध आहे. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यातील ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; तेव्हापासून तिच्या मालकांना अशा बाजारांचाच आधार.

मोटारीचा भार कमानी पेलतात; त्यांचे हेलकावे शॉक ॲब्सॉर्बर शमवितो. त्यातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि धक्क्याचा जोर उष्णतेत विरून जातो. तेल गळले की चाक रस्त्यावर उसळू लागते. ब्रेक लावूनही गाडी लवकर थांबत नाही. गाडीचा कोपरा दाबून सोडावा. एकदोन हेलकाव्यांत ती स्थिर न झाल्यास तो भाग झिजला असे समजावे.

जुने दरवाजे, आरसे खुशाल घ्यावेत. शॉक ॲब्सॉर्बर मात्र नवाच घ्यावा आणि एका आसाच्या दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. पुसून चकचकीत केलेल्या जुन्या नळकांड्यात किती जोर उरला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. आणि गाडीत आपलीच मुलेबाळे बसावयाची असतात.