वाकून परत येणं

मदन महल किल्ल्याच्या वाटेवर एका खडकावर दुसरा अजस्र खडक जेमतेम टेकून उभा आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. घरं पडली, माणसं गेली. तो खडक मात्र जागचा हलला नाही. आम्हां जबलपूरकरांना त्याचा कोण अभिमान!

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला इटलीत असीसीला भूकंप झाला. संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेचं छत कोसळून चार माणसं दगावली. दुरुस्ती करताना छप्पर आणि त्याखालची त्रिकोणी भिंत यांच्यामध्ये अभियंत्यांनी नितिनॉलच्या तारांची जोडणी बसवली. धातुशास्त्र शिकताना हे वाचलं, आणि न हलणाऱ्या खडकापेक्षा मला त्या तारांचं अप्रूप वाटू लागलं.

नितिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा, आकार लक्षात ठेवणारा मिश्रधातू. साधं पोलाद एक टक्काभर ताणलं तरी कायमचं लांबतं. अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, जुना शेजार सुटतो. नितिनॉलमध्ये ताण आला की ऑस्टेनाइट ही रचना बदलून मार्टेन्साइट होते. अणू सगळे मिळून किंचित कलतात, पण शेजारी तेच राहतात. ताण सरला की रचना पूर्ववत. सहा-आठ टक्क्यांपर्यंतचा ताण असा भरून येतो, आणि या जा-ये मध्ये धक्क्याची बरीच ऊर्जा जिरते. त्यासाठी थरांची घसरण मात्र रोखावी लागते. म्हणून तार थंड असताना ओढतात, मग नेमकी उष्णता देऊन आत निकेलबहुल सूक्ष्म कण घडवतात. इथे बळ वाढवायचं ते वाकू नये म्हणून नव्हे, वाकून परत येता यावं म्हणून.

भूकंपानंतर आमची आजी घरात झोपेना. अंगणात खाट टाकून बसायची. शेजारी म्हणत, ‘‘काकीजी, हिम्मत रखिए.’’ काका तर खडकाचाच दाखला देत. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली खाट उचलून तिच्या खाटेशेजारी आणून टाकली. पहिला पाऊस आला त्या रात्री ती आपणहून उठली आणि आत आली.

पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावरून जड ट्रक गेला, की ती दचकायची. दचकायची, भिंतीकडे एकदा बघायची, आणि पुन्हा भाजी निवडायला लागायची.