भाच्याची हत्यारं आणि ११०चा ट्रान्सफॉर्मर

सौदीहून कायमचा परतणारा माणूस खजूर, जमजम आणि अत्तर तर आणतोच. सुतारकाम करणारा असेल तर त्याच्या सामानात हत्यारंही असतात. माझा भाचा अशा चार मशिनी घेऊन आला: ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापायचं कटर आणि टेबलावर बसवायचा बेंच ग्राइंडर. भोकरदन तालुक्यात रस्त्याला लागून फर्निचरचं दुकान टाकायचा त्याचा बेत. कमाई बहिणींच्या लग्नांत आणि घराच्या स्लॅबमध्ये गेली होती. नव्या धंद्यासाठी उरलं होतं ते हेच. त्याचा पहिला प्रश्न होता, "मामू, ये मशीनां इधर चलते क्या?"

सौदीत घरगुती वीज वर्षानुवर्षं १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ अशी होती. आता तिथेही २३०कडे वळणं सुरू आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. तिकडची मशीन थेट आपल्या बोर्डाला लावली तर धूर निघायला वेळ लागत नाही. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. खेड्यात आपण ज्याला डीपी म्हणतो आणि महावितरण ज्याला रोहित्र म्हणतं, ते हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं: ११,००० व्होल्ट उतरवून आपल्या घरापर्यंत २३० पोचवतं.

दुकानात गेलं की विचारतात, "किती वॅटचा देऊ?" याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, मशिनीच्या अंगावरच्या प्लेटवर असतं. हत्याराची जाण भाच्याला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त. हिशेब मात्र आम्ही दोघांनी मिळून केला. कटरच्या प्लेटवर ११०-१२७ व्होल्ट, ११ अँपिअर असं होतं. ११० गुणिले ११ म्हणजे १,२१०. याला व्हीए म्हणतात. पण १,२५०चा ट्रान्सफॉर्मर घेऊन भागत नाही. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि ओल्या सागवानात पातं अडकलं की पुन्हा ओढते. म्हणून सगळ्यात मोठ्या मशिनीच्या निदान दुप्पट कुवत धरायची. आम्ही ३,००० व्हीए ठरवला, तोही एका वेळी एकच मोठी मशीन चालवायची या अटीवर.

'कुवत' हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो अरबी 'कुव्वत' आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत तो अगदी चपखल बसतो. फक्त विचारून घ्यायचं की ही कुवत सलग चालण्याची आहे की पाच-दहा मिनिटांची. आणि ३,००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर होतात. तेव्हा ट्रान्सफॉर्मर ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर नाही, १६ अँपिअरच्या पॉइंटवर, जाड वायर आणि नीट अर्थिंग करूनच लावायचा.

बाजारात दोन प्रकार मिळतात. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वायंडिंग असतं. तो हलका आणि स्वस्त. पण त्यातलं सामाईक वायंडिंग किंवा न्यूट्रल तुटलं, तर ११०च्या बाजूलाही २३० येऊ शकतात. आयसोलेशन प्रकारात आत येणारं आणि बाहेर जाणारं वायंडिंग वेगवेगळं असतं. तो जड आणि महाग. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या जागेवर मुद्दाम ११० व्होल्टची हत्यारं वापरतात. तिथल्या ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे एखाद्याचा हात तारेला लागला तरी जमिनीच्या हिशेबाने झटका ५५ व्होल्टचाच. भाच्याच्या दुकानात हाताखाली एक पोरगा राहणार होता. आम्ही आयसोलेशनचाच घेतला. पैसे वाचवायच्या खूप जागा असतात, ही त्यातली नव्हे.

याहून स्वस्त, मुठीत मावणारे 'कन्व्हर्टर'ही मिळतात. त्यातले बरेचसे इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, मोटारीसाठी नव्हेत.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ड्रिल, ग्राइंडर आणि कटर यांत कार्बनवाली मोटार असते. तिला ५० काय नि ६० काय, फारसा फरक पडत नाही. बेंच ग्राइंडरची मोटार मात्र बिनकार्बनची, इंडक्शनची. ५० हर्ट्झवर ती सहा भागांपैकी पाच भाग वेगानेच फिरते आणि पूर्ण व्होल्टेज दिलं तर जास्त तापते. तो बेंच ग्राइंडर भाच्याने बाजूला ठेवला. इथे २३०चा मिळतोच. तिकडूनच ट्रान्सफॉर्मर आणणाऱ्यांनीही त्यावर ५०/६० लिहिलंय का ते पाहावं. नुसत्या ६०चा इथे तापतो.

आपल्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. रब्बीत शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की दुकानातलं व्होल्टेज १९०वर येतं. ट्रान्सफॉर्मर प्रमाणात उतरवतो, म्हणजे पलीकडे ११०ऐवजी ९१च मिळतात. कटर रडायला लागतं आणि गरम होतं. अशा वेळी पातं लाकडात दाबत बसू नये. थांबावं, किंवा आधी स्टॅबिलायझर लावावा.

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त, पण विसरली जाते. आपल्याकडच्या बऱ्याच एक्स्टेंशन बोर्डांत तिकडची चपटी पिनही जाते. गडबडीत पोराने ११०चं कटर २३०च्या बोर्डात खुपसलं की मशीन संपली. म्हणून ट्रान्सफॉर्मरवर फक्त चपट्या पिनेचंच सॉकेट ठेवलं, मशिनींच्या वायरीला लाल टेप गुंडाळली आणि भिंतीवर उर्दू-मराठीत लिहिलं: लाल वायर फक्त लाल डब्यात.

एखादंच ड्रिल असेल तर एवढा खटाटोप करू नये. विकून इथलं घ्यावं. पण परदेशात घाम गाळून जमवलेली तीन-चार चांगली हत्यारं असतील, तर प्लेट वाचा, गुणाकार करा, दुप्पट धरा आणि मगच दुकानाची पायरी चढा.