ड्राफ्टमधला मेल आणि ८५-०

लेकाच्या सॉकर कोचला लिहिलेला एक मेल तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून आहे. पुढच्या सीझनपासून तो येणार नाही, गणिताकडे जरा लक्ष द्यायचंय, वगैरे वगैरे. सेंड दाबायचं तेवढं बाकी. ते दाबवत का नाही, याला शिकागो विद्यापीठ जबाबदार आहे. सांगतो.

तिथल्या रेगनस्टाइन लायब्ररीत मी पहिल्यांदा गेलो तो मराठी पुस्तकांच्या ओढीनं. (आपल्याकडे मिलो ज्वारी आली होती ना, त्याच अमेरिकी धान्याच्या रुपयांतल्या पैशातून आपली पुस्तकं विकत घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवली गेली. आजी मिलोच्या भाकरीला जन्मभर नावं ठेवायची, पण पुस्तकं मात्र झकास आली :)) तिथे पीएचडी करणारा मित्र म्हणाला, "अरे, तू उभा आहेस ना, तिथे फुटबॉलचं ग्राउंड होतं."

मला वाटलं, फेकतोय. शिकागो म्हणजे नोबेलवाले, चष्मेवाले. आणि फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि म्हणायचं फुटबॉल! ऑफिसात सोमवारी त्यावर चर्चा रंगते तेव्हा मी अनेक वर्षं नुसती मान हलवली आहे. त्या रात्री मात्र वाचत बसलो.

१८९२ मध्ये विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले तेव्हाच अध्यक्ष हार्पर यांनी अ‍ॅमस अ‍ॅलोन्झो स्टॅगला कोच म्हणून आणलं होतं, आणि तेही प्राध्यापकाच्या दर्जाची पक्की नोकरी देऊन. नव्या विद्यापीठाचं नाव व्हायला शोधनिबंधांपेक्षा फुटबॉल जास्त उपयोगी पडेल, हे हार्परसाहेबांनी बरोबर ओळखलं होतं. स्टॅग ४१ सीझन टिकला. आज ज्याला बिग टेन म्हणतात, त्या गटाच्या संस्थापकांत शिकागो होतं. १९०५ मध्ये मिशिगन सलग ५६ सामने न हरता आलं होतं. शिकागोनं त्यांना २-० असं हरवलं. आणि अख्ख्या देशात ज्याच्यासाठी जीव टाकतात ती हाइझमन ट्रॉफी (तेव्हा तिला हे नाव नव्हतं) १९३५ मध्ये पहिल्यांदा मिळाली ती शिकागोच्याच जे बरवँगरला.

आणि मग चार वर्षांत सगळं संपलं.

१९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स नावाचा तीस वर्षांचा तरुण विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. विद्यापीठ हे शिकण्यासाठी असतं असं त्याचं स्वच्छ मत. इतर ठिकाणी खेळाडूंना सवलती आणि पैसा, इथे कडक अभ्यास. व्हायचं तेच झालं. १९३९ चा सीझन बघा: मिशिगनकडून ८५-०, हार्वर्डकडून ६१-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, इलिनॉयकडून ४६-०. आपल्याकडे डावानं हरणं परवडलं म्हणायचं. त्याच डिसेंबरात हचिन्सनं टीमच बंद केली. पुढे त्या रिकाम्या स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मीच्या चमूनं जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळीप्रक्रिया घडवली. स्टँड पाडले, जागेवर १९७० मध्ये लायब्ररी उघडली. हचिन्सच्या बाजूनं याहून चांगला पुरावा तो काय हवा?

मलाही तेव्हा अगदी पटलं. कारण आमच्या घरीही एक हचिन्स होते. नववीत मी शाळेच्या खो-खो टीममध्ये होतो. पोलवर झेप घेऊन गडी बाद करायचो, कोपरं कायम सोललेली. जिल्ह्याला खेळून आलो त्या संध्याकाळी बाबा शांतपणे म्हणाले, "आता दहावी. खो-खोनं पोट भरतं का?" बूट माळ्यावर गेले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्या निर्णयाचीच तर भाकरी खातोय. पण जिल्ह्याला शेवटच्या डावात मी कुणाला खो दिला होता ते मला अजून आठवतं. दहावीचे गणिताचे मार्क आठवत नाहीत.

असो. गंमत अशी की शिकागोची गोष्ट १९३९ ला संपत नाही. १९६३ मध्ये काही पोरांनी क्लब म्हणून पुन्हा फुटबॉल सुरू केला, तर तिथल्याच विद्यार्थ्यांनी मैदानात बसकण मारून निषेध केला! तरी १९६९ मध्ये विद्यापीठाची अधिकृत टीम परत आली. आता ते डिव्हिजन थ्रीत खेळतात. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही. म्हणजे हचिन्सला दोनच रस्ते दिसले होते, जिंकणारी विकतची टीम किंवा टीमच नाही. तिसरा सापडायला तीस वर्षं लागली.

गेल्या ऑक्टोबरात लेकाला घेऊन नव्या स्टॅग फील्डवर गेलो. प्रेक्षक बेताचेच, बरेचसे खेळाडूंचे आईबाप, थर्मास घेऊन. शेजारच्या बाई म्हणाल्या, मुलाची सोमवारी केमिस्ट्रीची परीक्षा आहे. तेवढ्यात तो मुलगा आपटला, उठला, हेल्मेट नीट केलं आणि परत रांगेत जाऊन वाकला.

माझा लेक आधीच्या आठवड्यात ७-० नं हरला होता. शेवटची दहा मिनिटं खेळायला मिळाली, त्यावरच खूश होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, पुढच्या शनिवारी माझी मॅच सकाळी आठला आहे. लवकर उठशील ना?"

उठेन म्हणालो. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.