निदण की भाजी?



पाऊस सुरू झाला की बेळगावच्या लाल मातीत कुर्डू उगवतो. आमच्या चर्चच्या आवारातही तेच. ग्रोटोसमोर आम्ही झेंडू लावतो आणि पंधरवड्यात त्यात कुर्डूच जास्त दिसू लागतो. पुढे त्याला पांढरे-गुलाबी तुरे येतात. दिसतात सुंदर, पण एकेका तुऱ्यातून बारीक, काळं, चकचकीत बी इतकं सांडतं की पुढच्या वर्षी दुप्पट उपटावं लागतं. ज्वारीच्या शेतकऱ्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक आहे.

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही स्वयंसेवकांनी कंबर कसली आणि दोन तासांत सगळा कुर्डू उपटून ढीग केला. तेवढ्यात चर्च झाडणाऱ्या आजी आल्या.

"सर, सगळंच काढलासा व्हय? पावसात भाजी महाग. महिनाभर ह्याच्यावरच चालतंय आमचं."

आणि त्या खाली बसून ढिगातले कोवळे शेंडे खुडून पदरात घेऊ लागल्या. कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून कुर्डूची भाजी आमच्याही घरी होत असे. आम्ही ती विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सामान्य काळातला 16वा रविवार होता. शुभवर्तमान होतं गव्हातल्या निदणाचं (मत्तय 13). निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धनी थांबवतो, कारण त्यांच्या हातून गहूही उपटला जाईल. हा दाखला आम्ही वर्गात कितीदा शिकवला! त्या दिवशी मात्र आम्हीच ते चाकर होतो. तेही, धन्याला न विचारता कामाला लागलेले.

मग आठवलं, धर्मशिक्षणाच्या वर्गातून आम्ही कोणाला असंच मनातल्या मनात उपटून टाकलं आहे. उशिरा येणारा, दंगा करणारा एक मुलगा महिनाभर आलेला नाही. तो का येत नाही, हे आम्ही विचारलंही नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो.

कुर्डू आवरावा लागतो, हे खरंच. झेंडूच्या वाफ्यातला आम्ही आजही काढतो. पण कुंपणालगतचा कोपरा आता आजींचा आहे. बी धरण्याआधी तिथले तुरे मुलं कापतात आणि 8 सप्टेंबरला, मरीयामातेच्या जन्मदिनी, तिच्या चरणी वाहतात.

प्रभो, उपटण्याआधी थांबून विचारण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.