उणे दोन पूर्णांक सहा

"शेंगदाणे खा," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला वाटलं, यांच्या हातात दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट आहे.

तीन वर्षं डायलिसिसवर काढली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्या काळात 'फॉस्फरस' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. दूध बंद, डाळ मोजून, दाण्याचं कूट तर स्वयंपाकघरातून हद्दपार. साताऱ्याकडच्या माणसाच्या भाजीतलं कूट काढून घेणं म्हणजे काय, ते तिकडच्यालाच कळेल. शिवाय प्रत्येक जेवणाबरोबर फॉस्फरस पोटातच अडवणाऱ्या गोळ्या. मग आईने किडनी दिली, पुण्यात ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच महिन्यात फॉस्फरस निघाला १.८. हवा निदान २.५. गोळ्या बंद, डाळ, अंडी, शेंगदाणे सुरू. त्या रात्री आईने कूट घालून वांग्याची भाजी केली. पहिला घास घेताना मी उगाच दाराकडे बघितलं.

मी पतसंस्थेत कारकून. माझा समज असा, की जुनी किडनी गेली, नवी आली, खातं बंद. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन १.१ आलं त्या दिवशी पेढेही वाटले.

चौथ्या महिन्यात जिना उतरताना मांड्या आणि गुडघे ठणकायला लागले. आई म्हणाली, "माझी किडनी घेतलीस ती घेतलीस, आता गुडघेपण घेतलेस का रे?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनात किडा शिरला. एकसष्ट वर्षांची किडनी आपल्यात आली, तर तिच्यासोबत एकसष्टीची हाडंही येतात की काय? पुढे हे डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्याआधी मात्र मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने आपुलकीने दोन वस्तू काउंटरवर ठेवल्या: दुखणं थांबवायच्या गोळ्या आणि कॅल्शियमची बाटली. हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. सवयीने ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरताईंना फोन लावला. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "पेनकिलर घेतली नाहीत ना अजून? नका घेऊ. त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. आणि कॅल्शियमही नका घेऊ. रक्त तपासून या."

तपासलं. कॅल्शियम १०.९. कमी तर नाहीच, थोडं जास्तच. मी चक्रावलो. हाडं भुसभुशीत आणि रक्तात कॅल्शियम उतू जातंय?

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे गळ्याचं चित्र काढलं आणि चार ठिपके दिले. थायरॉईडच्या मागे बसलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. किडनी बिघडली की फॉस्फरस साठतो. ड जीवनसत्त्व कामी यावं म्हणून त्यावरचा शेवटचा संस्कार किडनीच करते, तोही थांबतो. मग रक्तात कॅल्शियम घसरतं, या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून आणतात. वर्षानुवर्षं हेच केलं की त्या मोठ्या होतात. आता नवी किडनी आली, पण त्यांना ते अजून कळलेलं नाही. त्या जुन्याच हुकमावर वसुली करताहेत. माझं पीटीएच २४० होतं, एरवी ६५ च्या आत असतं. तेच हार्मोन नव्या किडनीतून फॉस्फरस लघवीवाटे बाहेर घालवत होतं. शेंगदाण्यांचा उलगडा तिथे झाला.

वसुली म्हटल्यावर मला सगळं समजलं. कर्ज फिटलं तरी दारात येणारा वसुलीवाला आमच्या धंद्यात नवा नाही.

मग डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. मी एमआरआयसारख्या बोगद्याच्या तयारीने गेलो होतो. तिथे नुसतं टेबल. "अंगावर धातूचं काही?" घड्याळ काढलं, पट्टा काढला. "कमरेला?" करदोड्यात चांदीचा मणी होता. लहानपणापासूनचा तो करदोडा ऑपरेशनच्या वेळी कापला होता, आईने पुन्हा नवा बांधलेला. तो सोडून मुठीत धरला. पोटऱ्यांखाली चौकोनी ठोकळा दिला, वरून एक दांडा सावकाश सरकत गेला. पंधरा मिनिटांत मोकळा.

रिपोर्टवर टी-स्कोअर: मणका उणे १.८, खुबा उणे २.६. आकडा मोठा म्हणजे बरं, अशा समजुतीने मी खुब्यावर खूश. डॉक्टरांनी सरळ केलं: धडधाकट तरुण माणसाच्या हाडाशी ही तुलना असते. उणे एकपर्यंत ठीक, तिथून खाली हाड विरळ, आणि उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे खुब्याचं खातं ओव्हरड्राफ्टमध्ये. आईच्या हाडांचा यात काही संबंध नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दोष एकट्या पीटीएचचा नव्हता. किडनी टिकावी म्हणून घेतो ते स्टेरॉइडही हाड झिजवतं, आणि सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. "मग बंद करू?" माझा प्रश्न तयारच होता. तेवढंच एक करायचं नाही. शरीर किडनी नाकारू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवत होते, आता ५ मिलिग्रॅमवर आलोय. ड जीवनसत्त्वासाठी उन्हात बसू? तर ट्रान्सप्लांटच्या औषधांनी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून कडक ऊन टाळायचं. ड जीवनसत्त्व मोजून, कॅल्शियमवर डोळा ठेवून, ते सांगतील तेव्हाच. हाडाचं इंजेक्शन? लगेच नाही. हाड जोरात झिजतंय की त्याचं काम मंदावलंय, हे ठरल्याशिवाय दिलेलं औषध उलटू शकतं. मांड्या दुखतात म्हणून खुब्याचा एमआरआयही केला, कारण स्टेरॉइडने तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तो निर्दोष निघाला.

या तपासण्यांना सहा महिने झाले. पीटीएच १३० वर आलंय, कॅल्शियम १०.२. रोज चालतो, जिना कठडा धरून उतरतो. पीटीएच असंच उतरलं तर ठीक, नाहीतर गोळी किंवा गळ्याचं छोटं ऑपरेशन.

ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येकाला एवढंच सांगणं: क्रिएटिनीनच्या आनंदात पीटीएच, कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व विचारायला विसरू नका, डेक्सा कधी करायची तेही विचारा. आणि हाड दुखलं तर मेडिकलची पायरी चढण्याआधी आपल्या किडनीच्या डॉक्टरांना फोन करा.