निळा रंग चढेपर्यंत

फिनॉल मोजायचा फॉलिनचा रिएजंट आमच्या पिढीनं प्रयोगशाळेत स्वतः शिजवला. सोडियम टंगस्टेट, सोडियम मॉलिब्डेट, फॉस्फोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घालून दहा तास उकळायचं, मग लिथियम सल्फेट, आणि शेवटी ब्रोमीनचे थेंब. द्रावण सोनेरी पिवळं दिसलं की जमलं. हिरवट झाक उरली की पुन्हा ब्रोमीन आणि पुन्हा उकळणं.

आता तयार बाटली येते. झाकण उघडलं की काम सुरू. हे चांगलंच झालं. ब्रोमीननं डोळे चुरचुरत असताना काम करण्यात काही मोठेपण नव्हतं. तरी ती हिरवट झाक लांबून ओळखणारी नजर आता कुणाला कमवावीच लागत नाही, याची हळहळ वाटते.

1927 साली फॉलिन आणि चोकाल्तेउ यांनी हा रिएजंट काढला तो प्रथिनांमधलं टायरोसिन मोजायला. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सिंगलटन आणि रॉसी यांनी तो वाइनमधल्या फिनॉलसाठी बेतून दिला, आणि नाशिकच्या वाइनपासून जांभूळ-कोकमापर्यंत सगळं आम्ही त्याच वाटेनं नेलं. लाल वाइन दहापट पातळ करायची, रिएजंट घालायचा, सोडियम कार्बोनेट घालायचं आणि दोन तास थांबायचं. थंडीत कार्बोनेटच्या बाटलीत तळाशी खडे धरायचे. बाटली कोमट पाण्यात ठेवून ते विरघळवण्यापासून सकाळ सुरू व्हायची.

त्या दोन तासांत रॅकमध्ये निळा रंग चढत जायचा. तुलनेसाठीच्या गॅलिक आम्लाच्या नळ्या फिकट ते गडद अशा ओळीनं उभ्या, आणि त्यांच्या शेजारी आमचे नमुने. 765 नॅनोमीटरवर रीडिंग घेण्याआधीच अंदाज बांधलेला असायचा. पांढरी वाइन लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, लाल हजाराच्या बरीच पुढे, हे डोळ्यांना आधी कळायचं, यंत्राला नंतर.

आता 96 खळग्यांची प्लेट असते आणि आकडे थेट संगणकावर उमटतात. आम्ही ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं रेघ ओढायचो, आणि त्याच ठिपक्यांमधून दोघांच्या दोन वेगळ्या रेघा निघायच्या. पिपेट तोंडानं ओढायचो, ते तर आठवूनही अंगावर काटा येतो. अचूकपणात आजची प्रयोगशाळा आमच्या कितीतरी पुढे आहे.

शिवाय त्या निळ्या रंगाचं आम्हाला फार कौतुक होतं. पण तो फक्त फिनॉलचा नसतो: वाइनमधला सल्फर डायऑक्साइड, फळांतली काही शर्करा, आवळ्यातलं क जीवनसत्त्व, सगळंच तो रंग वाढवतं. त्यातच 1992 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फ्रान्समधले हृदयरोग आणि वाइन यांवरचा रनो आणि द लोर्जेरिल यांचा लेख आला, आणि आकडा मोठा ते फळ गुणकारी असं समीकरण बसलं. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यानं ओरॅक, म्हणजे अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या, मूल्यांची यादीच काढली. ते आकडे जाहिरातींत मिरवू लागले. नळीतला आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही, म्हणून 2012 मध्ये खात्यानं ती यादी काढून घेतली. योग्यच केलं.

मग हळहळ कशाची? त्या दोन तासांची. बागायतदार बर्फाच्या डब्यात नमुना घेऊन स्वतः यायचे आणि रंग चढेपर्यंत बाकावर बसून राहायचे. “साहेब, यातली माझी कुठली?” असं विचारत रॅकवर वाकायचे. मग बोलणं निघायचं: छाटणी कधी केली, पाऊस कधी पडला, घडावर ऊन किती लागलं. ते आम्ही वहीत रीडिंगच्या बाजूला लिहून ठेवायचो. आज नमुना कुरिअरनं येतो, बारकोड लावलेला. अहवाल ईमेलनं जातो, बिनचूक. शेजारच्या दोन बागांच्या आकड्यांत एवढा फरक का, असा प्रश्न पडला तर आता फोन करून विचारावं लागतं, आणि तेवढी सवड कुणाला नसते.